गमावायचा आकडा

गेल्या महिन्यात साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी, सांगलीच्या कुपवाड एमआयडीसीतील माझ्या कारखान्याच्या शेडवर हिशेबाच्या वह्या घेऊन बसलो असताना, नात्यातल्या ओळखीने एक तिशीतला मुलगा भेटायला आला. पुण्याजवळच्या एका कारखान्यात आठ वर्षे क्वालिटी विभागात काम केलेले, पगार वेळेवर, घराचा हप्ता चालू, मुलगी तीन वर्षांची. स्वतःचे टर्निंगचे जॉबवर्क, म्हणजे इतर कारखान्यांसाठी लेथवर भाग घडवून द्यायचे काम, सुरू करायचे त्याच्या मनात दोन वर्षांपासून होते. यंत्रांचे दर, बँकेचे व्याज, कामाचे मिनिटाचे दर यांतले त्याने मला काहीच विचारले नाही, कारण ते सगळे त्याला माझ्यापेक्षा ताजे ठाऊक होते. चहा झाल्यावर तो म्हणाला, "काका, माझा पिंड धंद्याचा आहे का, एवढेच तुम्ही सांगा."

हा प्रश्न मला नवा नव्हता. एकोणीस वर्षांपूर्वी मी नोकरी सोडायचे ठरवले, तेव्हा जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेल्या माझ्या वडिलांनी मला हेच वेगळ्या शब्दांत विचारले होते: "आपल्या घरात आजवर धंदा कोणी केला आहे?" त्या प्रश्नात राग नव्हता, काळजी होती, आणि त्यामागे एक समजूत होती जी आपल्यापैकी पुष्कळांच्या घरात न बोलता वाढते. धंदा करणारी माणसे वेगळ्या मातीची असतात, त्यांना भीती वाटत नाही, त्यांना धोक्याची आवड असते, आणि ज्याला रात्री झोप लागावी असे वाटते त्याने त्या वाटेला जाऊ नये, ही ती समजूत. मी स्वतः पहिली सहा-सात वर्षे ही समजूत खरी मानूनच काम केले. भीती वाटली की मला ती माझ्यातली उणीव वाटायची. आज मला ठामपणे वाटते की या एका समजुतीने जितके नुकसान केले आहे, तितके भांडवलाच्या टंचाईनेही केले नसेल. कारण ती काही जणांना उंबरठ्यावरच थांबवते आणि जे बाहेर पडतात त्यांना चुकीच्या जागी धाडस करायला लावते.

मानसशास्त्रज्ञांनीही हा पिंड शोधण्यात बरीच वर्षे घालवली आहेत. अमेरिकेतील डेव्हिड मॅक्लेलँड यांचे काम त्यात सर्वांत गाजले. काहीतरी उत्तम करून दाखवण्याची जी आतली ओढ असते, जिला मराठी पाठ्यपुस्तकांत संपादन-प्रेरणा म्हणतात, ती त्यांनी मोजायचा प्रयत्न केला. त्यांच्या अभ्यासातला कड्या फेकण्याचा खेळ मला फार बोलका वाटतो. जमिनीत एक खुंटी रोवलेली असते, तिच्यात कडी टाकायची असते आणि किती अंतरावरून टाकायची ते ज्याचे त्याने ठरवायचे असते. काही जण खुंटीला खेटून उभे राहतात, काही जण इतके लांब जातात की कडी पडली तर ती नशिबानेच पडावी. ज्यांची संपादन-प्रेरणा जास्त, ते मधले अंतर निवडतात: जिथून कडी चुकू शकते, पण हात सुधारला तर पडूही शकते. ज्यांना आपण धोक्याची आवड असलेले म्हणतो, ते या खेळात लांब उभे राहिलेले असतात, आणि उद्योगात टिकणारे बहुतेक त्यांच्यात नसतात.

याच मॅक्लेलँड यांनी १९६४ मध्ये हैदराबादच्या लघुउद्योग प्रशिक्षण संस्थेच्या साहाय्याने आंध्रातील काकीनाडा येथील व्यापारी-उद्योजकांसाठी प्रशिक्षणवर्ग घेतले. ही ओढ जन्मजात न मानता शिकवता येते का, हे त्यांना पाहायचे होते. वर्गाला आलेल्यांनी पुढच्या काळात न आलेल्यांपेक्षा अधिक हालचाल केली, नवे उद्योग काढले, गुंतवणूक वाढवली, असा निष्कर्ष त्यांनी मांडला. त्या प्रयोगावर आक्षेपही घेतले गेले. मात्र अलीकडचा एक प्रयोग मला त्याहून भक्कम वाटतो. तो आफ्रिकेतल्या टोगो या देशात झाला आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. दीड हजार छोट्या व्यावसायिकांचे पाचशे-पाचशेचे तीन गट केले. एका गटाला हिशेब, विक्री, पैशाचे नियोजन असे नेहमीचे व्यवसायशिक्षण दिले. दुसऱ्याला स्वतःहून पाऊल उचलण्याची, पुढचे अडथळे आधी ओळखण्याची आणि अपयशानंतर पुन्हा प्रयत्न करण्याची सवय लावणारे मानसशास्त्रावर आधारलेले प्रशिक्षण दिले. तिसऱ्याला काहीच दिले नाही. पुढच्या दोन-अडीच वर्षांत दुसऱ्या गटाचा नफा तिसऱ्याच्या तुलनेत ३० टक्क्यांनी वाढलेला दिसला. नेहमीचे शिक्षण घेतलेल्यांची वाढ ११ टक्के होती, आणि तीही संख्याशास्त्राच्या कसोटीवर पक्की म्हणता येईल इतकी नव्हती. म्हणजे ज्याला आपण पिंड म्हणतो, त्यातला मोठा भाग सवयींचा असतो, आणि सवय तिशीतही लागते.

आमच्या सांगली भागात या विषयावर बोलताना किर्लोस्करवाडीचे नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट आम्ही शाळेत ऐकली ती पराक्रमाची म्हणून. मोठेपणी ती पुन्हा वाचताना मला तिच्यात पराक्रमापेक्षा दुसरेच काही दिसले. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये चित्रकला शिकायला गेलेल्या या तरुणाला रंगांधळेपणामुळे रंगकाम सोडावे लागले. त्याने यांत्रिक रेखाटन मात्र सोडले नाही, आणि त्याच बळावर व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षकाची नोकरी मिळवली. बेळगावात सायकलींचे दुकान १८८८ मध्ये सुरू झाले. पुढे हक्काची बढती डावलून एका अँग्लो-इंडियन गृहस्थाला दिली गेली, तेव्हा त्यांनी नोकरी सोडली. सायकलींनंतर कडबा कापण्याचे यंत्र आले आणि मग लोखंडी नांगर.

या नांगराशी मी नेहमी थांबतो. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी त्या काळच्या शेतकऱ्यांची समजूत होती, आणि पहिला नांगर विकला जायला दोन वर्षे लागली. दोन वर्षे म्हणजे खरिपाचे आणि रब्बीचे दोन-दोन हंगाम. त्या काळात कारखान्यात नांगर तयार पडलेला, येणारा शेतकरी तो हाताने चाचपून पाहणार, वजन विचारणार आणि लाकडी नांगराकडे परत जाणार. अशा वेळी मनात दोन आवाज उठतात. एक म्हणतो की लोकांना कळत नाही, आणि दुसरा म्हणतो की आपल्यालाच काही येत नाही. पहिल्याचे ऐकले तर माणूस आढ्यतेने बसून राहतो, दुसऱ्याचे ऐकले तर हातपाय गाळतो. लक्ष्मणरावांच्या मनात त्या दिवसांत काय चालले असेल ते मी सांगू शकत नाही, पण त्यांनी केले ते असे की त्यांनी यापैकी काहीच न करता काम चालू ठेवले, आणि पोट भरायला हाताशी दुसरे कामही होते. पुढे बेळगावची जागा नगरपालिकेमुळे सोडावी लागली, तेव्हा औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांच्याशी असलेला स्नेह उपयोगी पडला. त्यांनी कुंडल रोड स्टेशनजवळची जमीन आणि दहा हजार रुपये बिनव्याजी दिले, आणि १९१० मध्ये निवडुंगाने भरलेल्या त्या माळावर किर्लोस्करवाडी ही वसाहत उभी राहिली. मिरजेहून पुण्याकडे जाताना गाडी त्या स्टेशनात थांबते तेव्हा मी अजूनही खिडकीतून बाहेर पाहतो. रंग ओळखता येत नाहीत म्हणून रेषा, नोकरी सुटली तेव्हा हाताशी दुकान, दुकानाच्या जोडीला यंत्र, जागा गेली म्हणून स्नेह्याचा माळ: प्रत्येक वेळी त्यांनी हातात काय उरले आहे ते आधी मोजले आणि मग पुढचे पाऊल टाकले.

सारस सरस्वती या संशोधिकेने २००१ मध्ये जे मांडले, ते नेमके याच ढंगाचे आहे. तिने २७ मुरलेल्या उद्योजकांसमोर एका कल्पित उत्पादनाचे प्रश्न ठेवले आणि त्यांना मोठ्याने विचार करायला लावले. ते उद्योजक अपेक्षित नफ्याच्या गणितापासून सुरुवात करत नव्हते. मी कोण आहे, मला काय येते, माझ्या ओळखीचे कोण आहेत, इथून ते निघत होते, आणि या कामात माझे किती गेले तर मला चालेल, हे ठरवून मग पुढे जात होते. या शेवटच्या गोष्टीला तिने परवडणारे नुकसान म्हटले आहे. अंथरूण पाहून पाय पसरावे ही म्हण आपण माणसाला थांबवण्यासाठी वापरतो. तिच्यात पाय पसरायलाही सांगितले आहे, हे माझ्या ध्यानात फार उशिरा आले.

उशिरा आले, कारण तोपर्यंत माझे साडेआठ लाख रुपये गेले होते.

धंद्याच्या सहाव्या वर्षी एका मोठ्या ग्राहकाच्या खरेदी अधिकाऱ्याने मला तोंडी सांगितले की मिलिंगचे काम वाढणार आहे, तुम्ही व्हीएमसी (मिलिंगचे संगणकचलित यंत्र) घ्या, महिन्याचा लोड आम्ही देतो. मी वीस लाखांचे वापरलेले यंत्र घेतले. पाच लाख स्वतःचे घातले, पंधरा लाख कर्ज काढले, आणि दरमहा चौतीस हजारांवर हप्ता सुरू झाला. पहिल्या तीन महिन्यांत सांगितल्याच्या निम्मेही काम आले नाही. चौथ्या महिन्यात तो अधिकारी बदलून गेला आणि नव्या माणसाला जुने बोलणे ठाऊक नव्हते. त्याच महिन्यात वापरलेल्या यंत्रांचा एक दलाल येऊन सोळा लाख देतो म्हणाला. तेव्हा विकले असते तर व्याज धरून साडेचार-पावणेपाच लाखांवर सुटलो असतो. मी त्याला चहा पाजून परत पाठवले आणि आणखी दहा महिने हप्ते भरत राहिलो. शेवटी साडेअकराला विकले. व्याज सोडूनही साडेआठ लाख गेले.

त्या दहा महिन्यांत माझ्या मनात काय चालले होते, हे मी नंतर प्रामाणिकपणे लिहून काढले, आणि त्यात पैशाचा विचार फारच थोडा सापडला. यंत्र आले तेव्हा मी पूजा घातली होती, पाहुणे बोलावले होते, पेढे वाटले होते. क्रेनने यंत्र उतरताना शेजारच्या शेडमधले चार जण उभे होते. ते यंत्र परत क्रेनवर चढताना त्याच चौघांनी पाहावे, हे मला सहन होणार नव्हते. मी हप्ते यंत्राचे भरत नव्हतो, अब्रूचे भरत होतो. बॅरी स्टॉ या अमेरिकी संशोधकांनी १९७६ मध्येच प्रयोगाने दाखवले होते की गुंतवणुकीचा आधीचा चुकलेला निर्णय ज्यांचा स्वतःचा असतो, ते त्याच फसलेल्या जागी अधिक पैसे ओततात. निर्णय दुसऱ्याचा असेल तर तेवढे ओतत नाहीत. काहनेमान आणि त्व्हर्स्की या मानसशास्त्रज्ञांच्या १९७९ च्या सिद्धान्ताने याला आणखी एक कारण दिले: गमावल्याचे दुःख तेवढ्याच कमाईच्या आनंदापेक्षा मोठे असते, पुढच्या मोजमापांनुसार सुमारे दुप्पट, आणि म्हणून ठरलेले छोटे नुकसान पत्करण्यापेक्षा माणूस मोठ्या नुकसानाचा जुगार पत्करतो. हे वाचले तेव्हा मला माझेच दहा महिने कोणीतरी लिहून ठेवल्यासारखे वाटले.

नोकरी करणाऱ्याला अपयश आले तर त्याचे काम बिघडते. धंदा करणाऱ्याला अपयश आले की तो स्वतः बिघडला असे त्याला वाटते, कारण शेडवरच्या पाटीवर बहुतेक वेळा त्याचे, त्याच्या वडिलांचे किंवा कुलदैवताचे नाव असते. दुकान वेगळे आणि मी वेगळा, हे मनाला शिकवणे मला सर्वांत कठीण गेले. आजही पूर्ण साधलेले नाही. पण एक नियम मी तेव्हापासून पाळतो. कोणतेही नवे यंत्र, नवा ग्राहक किंवा नवे काम घेण्याआधी, उत्साह पूर्ण भरात असतानाच, मी वहीत दोन गोष्टी लिहितो: यात माझे जास्तीत जास्त किती जाऊ द्यायचे, आणि कोणत्या तारखेला मी हे पुन्हा तपासणार. आकडा आणि तारीख आधी लिहिलेली असली की ती तारीख आल्यावर निर्णय घेणारा मी आणि ज्याची अब्रू पणाला लागली आहे तो मी, हे दोघे थोडे वेगळे होतात.

आत्मविश्वासाबद्दल इथे थोडे लिहिणे भाग आहे, कारण उद्योगावरच्या व्याख्यानांत त्याचाच सर्वाधिक पुरवठा होतो. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी पाहणीत २,९९४ नव्या उद्योजकांना त्यांच्या यशाची शक्यता विचारली होती. ८१ टक्के लोकांनी दहापैकी सात किंवा अधिक सांगितली आणि ३३ टक्क्यांनी थेट दहापैकी दहा. सुरुवात करायला थोडा अवास्तव विश्वास लागतो, हे मी मान्य करतो. सगळे आकडे डोळ्यांसमोर ठेवून कोणी शेडचे भाडे भरायला सुरुवात करणार नाही. पण तो विश्वास ग्राहकाच्या दारात उपयोगी पडतो, वर्कशॉपमध्ये घातक ठरतो.

याचा अनुभव मला तिसऱ्या वर्षी आला. ३२० बुशांचा, म्हणजे नळीसारख्या सुट्या भागांचा, लॉट होता. संध्याकाळी पॅकिंग सुरू असताना मी सहज एक नग उचलून आतले भोक मोजणारा बोअर गेज लावला आणि काटा मर्यादेच्या पंधरा मायक्रॉन पुढे गेला. दुसरा उचलला, तसाच. कापणाऱ्या हत्याराचे टोक, म्हणजे इन्सर्ट, झिजले होते आणि दर वीस नगांनंतर तपासायचा नियम त्या दिवशी आम्ही पाळला नव्हता. माझ्या तोंडून पहिला शब्द ऑपरेटरच्या नावाने निघाला. तो पोरगा खाली मान घालून उभा राहिला. मग मला आठवले की दुपारी घाई करायला मीच सांगितले होते, आणि तपासणीचा तक्ता तीन दिवस कोरा होता हे मी पाहूनही सोडून दिले होते. रात्री साडेअकरापर्यंत आम्ही दोघे समोरासमोर स्टुलावर बसून एकेक नग मोजत होतो. त्याने मोजायचा, मी लिहायचा. एकशे बारा नग बाद निघाले. सकाळी मी ग्राहकाला स्वतःहून फोन केला, बाद नगांचे माल आणि मजुरी माझ्या खात्यावर टाकली आणि उरलेले वेळेत पाठवले. घडलेल्या गोष्टीचे कारण माणूस स्वतःच्या हातात मानतो की बाहेरच्या परिस्थितीत, याला मानसशास्त्रज्ञ ज्युलियन रॉटर यांनी नियंत्रणाचे स्थान म्हटले आहे. पुस्तकात ते वाचायला सोपे आहे. रात्री साडेअकराला, ऑपरेटर समोर असताना, ते स्थान स्वतःकडे ओढून घेणे हे कष्टाचे काम आहे आणि ते प्रत्येक वेळी नव्याने करावे लागते.

अर्थात सगळेच आपल्या हातात नसते, आणि सगळ्याची जबाबदारी स्वतःवर घेणारा माणूसही लवकर मोडतो. सूक्ष्म आणि लघुउद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत, असे २००६ चा कायदा सांगतो. प्रत्यक्षात नव्वद-नव्वद दिवस बिल अडकते आणि पगाराची सात तारीख काही अडकत नाही. अशा वेळी मालक रात्री छताकडे पाहत पडतो आणि घरी काहीच सांगत नाही, कारण आपण सांगितले तर घरचे घाबरतील असे त्याला वाटते. मी दोन वर्षे असे केले. माझ्या पत्नीला आकडे ठाऊक नव्हते, पण माझा चेहरा ठाऊक होता, आणि अर्धवट कळल्यामुळे ती माझ्याहून अधिक घाबरत होती. ज्या दिवशी मी उधारीची वही तिच्यासमोर ठेवली, त्या दिवसापासून वसुलीचे फोन तिने हाती घेतले, आणि ती ते माझ्यापेक्षा शांतपणे करते. ही मदत मी आधीच मागायला हवी होती.

त्या मुलाला मी हे सगळे एका बैठकीत सांगितले नाही. पिंडाच्या प्रश्नाचे उत्तर मला देता येणार नाही, असे म्हणून मी त्याला एक कोरा कागद दिला आणि विचारले की तुझे किती गेले तर मुलीच्या शाळेला आणि घराच्या हप्त्याला धक्का लागणार नाही. तो बराच वेळ पेन धरून बसला. दोन वर्षांत त्याने नफ्याची चार वेगवेगळी पत्रके तयार केली होती, पण हा आकडा त्याने कधी काढलाच नव्हता. नोकरी लगेच सोडू नकोस, असेही मी त्याला सांगितले, आणि ते भित्रेपणाने सांगितले नाही. नोकरी सांभाळून जोडधंदा म्हणून सुरुवात करून मग पूर्णवेळ उतरलेल्यांचा व्यवसाय बंद पडण्याची शक्यता, एकदम राजीनामा देऊन उतरलेल्यांपेक्षा एकतृतीयांशाने कमी असल्याचे अमेरिकेतील एका २०१४ च्या अभ्यासात आढळले आहे.

परवा त्याचा फोन आला. कागदावर चार लाख दहा हजार लिहिले आहेत, आणि त्याखाली त्याच्या पत्नीनेही सही केली आहे. यंत्र तो अजून घेत नाही. शिफ्ट संपल्यावर एका ओळखीच्या वर्कशॉपमधला लेथ तासाच्या भाड्याने घेऊन तो पहिली पन्नास नगांची ऑर्डर करणार आहे. आवाजात भीती होती का, असे माझ्या पत्नीने विचारले. होती, आणि त्याने ती लपवली नाही. ड्रॉइंगमधल्या एका टॉलरन्सबद्दल, म्हणजे मापात चालणाऱ्या फरकाबद्दल, त्याला शंका होती, म्हणून येत्या सुट्टीच्या दिवशी तो सॅम्पलचा नग घेऊन शेडवर येणार आहे.